रहवाल

एन्लो पिट्सने कुंपणाच्या खांबावर कप ठेवला, काठोकाठ कॉफीचा.
म्हणाला, हा हातात धरून बस. सांडली तर घोडा फुकट.
ओझार्कच्या या डोंगरांत घोडे विकणारे सगळेच
थोडे थोडे जादूगार असतात.

पहिला सब्जा. मान कमानीसारखी, शेपूट जमिनीला टेकलेली,
सात पिढ्या तोंडपाठ – एन्लोला, घोड्याला नव्हे.
चालला, आणि खरंच
कपात पडलेलं आभाळ हललं नाही.
माझ्या कमरेतला चौथा मणका,
ज्याची ओळख नऊ वर्षांपूर्वी एका उमद्या दुडक्या जनावराने
मला कायमची करून दिली,
तो पहिल्यांदाच गप्प बसला.
घ्यावासा वाटला. खोटं कशाला बोलू.

पण रिंगणातली वाळू सगळ्यांशीच गोड बोलते.
म्हटलं, एन्लो, नाल्यापलीकडच्या टेकाडापर्यंत नेऊ दे.

पन्नास मैल म्हणजे काय, ते कप सांगत नाही.
पहाटे पाचला दवात भिजलेला तंग,
चुनखडीच्या धारदार पायऱ्या,
सीडरच्या फांद्या गालावर, गोचिड्या,
आणि दर पंधरा मैलांवर कानाला नळी लावून उभी डॉक्टरीण,
डोळे घड्याळावर:
साठ ठोक्यांच्या आत आला तर पुढे,
नाहीतर गाडीत घालून घरी.
तिथं वंशावळ कुणी वाचत नाही.

सब्जा नाल्याकाठी थबकला.
पाण्यात स्वतःला बघितलं, फुरफुरला,
ओठ लावला नाही.
चढ संपून दहा मिनिटं झाली तरी
त्याचं काळीज माझ्या पोटरीला धडका देत होतं.

परत आलो तेव्हा तबेल्यामागे ती दिसली.
बुटकी. डाव्या कानाला चीर. पोट गवताने फुगलेलं.
‘नातीची आहे,’ एन्लो म्हणाला,
म्हणजे विकायची होती, पण सांगायची लाज.
नाव सॉर्गम. इकडे ज्वारीच्या ताटांची काकवी करतात,
तिच्या रंगाची,
आणि घाईही तेवढीच.

अर्धी कॉफी माझ्या मांडीवर आली.
सपाटीवर तिची रहवाल मोडते,
मधेच दुडकते, मग ओशाळल्यासारखी सावरते.
मणका बोलला. फार नाही, एकदाच.
चढ लागला मात्र, आणि चार खुरांचे चार शब्द
सुटे सुटे ऐकू यायला लागले.
पुढचे पाय चालतात, मागचे धावतात,
मान होकार देत राहते,
जुनं काहीतरी आता पटत चालल्यासारखी.

त्याआधी नाल्यात ती गुडघाभर शिरली होती, न विचारता.
घोट मोजले: एकतीस.
मान वर केली, हनुवटी गळत होती,
काहीतरी आठवलं असावं, पुन्हा प्यायली.
काठावरचं गवत ओरबाडून
तोंडात तसंच धरून टेकाड चढली.
वर उतरले. तिच्या कोपरामागे बोटं ठेवली.
चौसष्ट. अठ्ठावन्न.
दोन मिनिटांत बावन्न, आणि ती अजून चावतच होती.

एन्लोने माझ्या ओल्या मांडीकडे पाहिलं.
‘फुकटची बोली सब्जाची होती,’ घाईघाईने म्हणाला.
मी हसले. घोडं तिथं पेंड खाणार, हे मला ठाऊक होतं.
चार हजार डॉलर मागितले,
अडतीसशेवर हात मिळवला,
खोगीर वेगळं.

नात बाहेर आली. लेटा, बारा वर्षांची, नखं चिखलाची.
रडली नाही. हिशेब दिल्यासारखं बोलली:
कानाला हात लावू नका.
सफरचंद देठासकट द्या.
पुलाआधी थांबते, टाच मारू नका,
दहापर्यंत मोजा, ती ऐकत असते.

ट्रेलरचं दार लावताना तिने विचारलं,
‘तुम्ही पण थांबता का?’
म्हटलं, आजकाल, हो.