अधिक-उणे

नियम असा आहे:
थराला नाव द्यायचं तर जवळच्या जागेचं,
ओढा, टेकडी, पाणवठा, काहीही.
आणि नकाशावर इथे फक्त
‘शेत क्रमांक २१८’
आणि एक निळी तुटक रेघ, जिच्यात पाणी नाही.

हिलेनी तीन दिवस कड्याला खेटून आहे.
खाली काळा चुनखडक,
वर वाळूच्या लाटा,
समुद्र निघून गेला तेव्हा मोडायच्या राहिलेल्या.
मी पिशव्यांवर आकडे घालतो,
टायरमधले काटे काढतो,
शेळ्यांना टेप खाऊ देत नाही.

शेळ्या ड्रीका बोइसच्या.
आमचाच चहा पिऊन ती आज म्हणाली,
नाव आहे की या जागेला.
आणि उच्चारलं.
सुरुवातीला जिभेची टकार,
हळहळताना माणूस चुकचुकतो तशी;
पुढचा अर्थ, गाढवी व्याली ती जागा.
कधी व्याली?
मोठ्या दुष्काळाआधी. की नंतर.

हिलेनीने वहीत आधी एक उभी रेघ ओढली,
टकारीसाठी.
छापणारे खोडतील, मी म्हटलं.
खोडू देत. मी परत काढीन.

दुपारी लाटांखाली राख सापडली:
बोटभर जाड, हिरवट,
ओल्या साबणासारखी नखाला लागणारी.
कुठलासा डोंगर फुटला असेल,
आणि ऐकायला कान असलेलं
अजून काही जन्मलं नव्हतं.
पलीकडच्या दरीत अशीच राख निघाली होती,
तिच्यातल्या झिरकॉनच्या कणांनी सांगितलं,
चोपन्न कोटी सत्तर लाख वर्षं,
अधिक-उणे सात लाख.

सात लाखांची चूक चालते? ड्रीकाने विचारलं.
चालते. लपवायची नाही फक्त.

तिने पदरच्या डब्यातून, तपकिरीखालून,
ओळखपत्र काढलं.
जन्म: एक जानेवारी एकेचाळीस.
कारकुनाने घातलीय.
आई म्हणायची टोळ आले त्या हिवाळ्यात.
हिवाळा जूनमध्ये असतो, बाई.
याच्यावर कुठे आहे तुमचं ते अधिक-उणे?
पेन्शन तीन वर्षं उशिरा मिळाली मला.

हिलेनीने कार्ड उन्हात धरलं, बराच वेळ,
जणू भिंगाखाली धरावं,
आणि काही न बोलता परत दिलं.

कीटमन्सहूपच्या रस्त्यावर ती झोपून गेली.
मागे पिशव्या धडधडत होत्या.
मी ते नाव म्हणून पाहिलं.
टकार दातांवर आपटली, चुकली.
फाटक आलं, उतरलो, उघडलं, लावलं.
परत म्हटलं.
थोडं जवळ.