नख अडलं तर

आधी पाणी.
बादलीभर, फेसाळ, आणि घाई नको.
धुळीसकट घासलंत
तर एका ओरखड्याचे चाळीस होतील
आणि ते मात्र तुमच्या नावावर.

मग अंगठ्याचं नख.
आडवं न्या, हलक्या हातानं,
झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून न्यावं तसं.
सरकून गेलं, तर लागलंय ते वरच्या वर,
त्या पारदर्शक थरात, जो केसाहून पातळ
आणि गाडीची सगळी शान त्याच्याच जिवावर.
अडलं, तर खाली रंग गेलाय,
रंगाखाली पत्रा बसलाय गंजाची वाट बघत.
तीस वर्षं हे एकच नख मी जपते.
रुस्तावीच्या मोटारबाजारात
माझ्याआधी त्याला ओळखतात.

मुर्मान आला तो सोमवारी.
गाडी पांढरी, जपानी, स्टिअरिंग उजवीकडे,
मागच्या दारावर हातभर हिरवा पट्टा.
"भावाच्या फाटकानं केलंय."
जणू फाटकच
चालत आलं होतं रस्त्यावर.

दोन वर्षं झाली म्हणे, द्राक्षतोडणीचा दिवस.
जुंबेर म्हणाला, तुला मागे बघता येत नाही.
हा म्हणाला, तुला फाटक धड उघडता येत नाही.
त्यावरून निघाला आईच्या दफनाचा खर्च,
त्यावरून विहिरीकडची वेलींची रांग,
आणि एक शिलाईचं मशीन,
जे दोघांच्याही बायका वापरत नाहीत.
"विकून टाकतो. पण गिऱ्हाईक डागाचे पैसे कापतं."

मी पाणी मारलं. नख नेलं.
अडलं नाही.
चढलं.
खड्डा नव्हताच तिथं, उंचवटा होता.

जुन्या बनियनची चिंधी, चार थेंब टर्पेंटाइन,
दाबायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं, मग ओढायचं.
हिरवं चिंधीवर उतरलं.
खेड्यातल्या प्रत्येक फाटकाला असतो तोच हिरवा,
ईस्टरच्या आधी एक हात, दरवर्षी, जुन्यावरच.

"तुमचं काही गेलेलं नाही," मी म्हणाले.
"त्याचं आलं होतं."

बारा मिनिटं. दोन हजार नंबरचा कागद
पाण्यात नुसता भिजत पडलेला.
मुर्मान चिंधीकडे बघत राहिला
खिसा कापला गेल्यासारखा.
"खाली काहीच नाही?"

होतं ना.
पट्टा होता त्याच्या कडेकडेनं
बारीक, तुटक, सगळ्या दिशांनी ओरखडे.
इथं नख अडलं. तीन ठिकाणी.
मी विचारलं, "लोकांना दाखवताना
किल्लीनं दाखवत होतात का?"
त्यानं हातातली किल्ली मुठीत घेतली.

तर ऐका, हे कुणी सांगत नाही:
ओरखडा भरून येत नसतो.
त्याच्या आजूबाजूचं सगळं आपण झिजवतो
त्याच्या तळापर्यंत,
म्हणजे मग तो दिसायला उरत नाही.
असं दोनदा करता येतं, फार तर तीनदा.
पुढे झिजवायला गाडीच शिल्लक नसते.

कागद, पाणी, कागद, पाणी,
दार दुधासारखं आंधळं झालं,
मग मशीनवर लोकरीची गादी, मळम,
आणि हळूहळू दारात शेड दिसायला लागली,
माझी बादली, पोलाद कारखान्याची चिमणी,
टोपी काढून उभा असलेला माणूस.
त्या तीन खोल जागांना
दात कोरायच्या काडीनं एकेक थेंब रंग,
वाळू द्यायचा, पुन्हा एक.
तिरप्या उन्हात दिसतील, मी सांगून ठेवलं.
खोटं सांगून मी काम घेत नाही.

पैसे मोजताना म्हणाला,
"म्हणजे तिकडे फाटकावर पांढरं असेल."
"असेलच."
"ते निघेल?"
"लोखंडावरून? अजून सोपं."

टर्पेंटाइनची बाटली अर्धी होती.
नेतो म्हणाला. मी म्हटलं, परत आणून द्या.
चौकात त्यानं कुठला दिवा दिला
ते मला ट्रकमुळे दिसलं नाही.

बाटली अजून आलेली नाही.