दर्शक

मे महिना. कूलर बंद,
वाऱ्यानं पट्ट्या उडतात म्हणून.
गोरेवाड्याचं पाणी
शंभरपट पातळ करून नळीत,
वर ब्रोमोथायमॉल ब्लूचे तीन थेंब.

हिरवं.
म्हणजे सात?

निखारे बाई चष्मा कपाळावर सारतात,
नळी पांढऱ्या कागदापुढे धरतात.
वडील पाचपावलीत सूत रंगवायचे;
हिरव्यात दडलेला पिवळा
बाईंना आपल्याआधी दिसतो.

"पोरी, या पाण्यात दम नाही राह्यला.
तुझा थेंबच आंबट आहे ना.
तो जे विचारतो
तेच बोलून राह्यलं पाणी."

मग?

"मग आधी थेंबाला सातावर आण.
थोडा अल्कली दे, चाखत चाखत,
वरणात मीठ घालतो तसा.
अन् तीन नको. एकच."

मी एकच टाकते. वाकून बघते.
रंग इतका फिका
की आहे म्हणायला धीर लागतो.
श्वास रोखते, तोही आंबटच.

वहीत ६.८ लिहिते.
बाजूला, पेन्सिलीनं: माझ्यासह.

बाई काही म्हणत नाहीत.
कूलर लावतात.
त्याच्या टाकीतलं पाणी
कुणीच मोजत नाही.