दहा गुणांचा प्रश्न

लातूरला बी.पी.एड. करताना
दुसऱ्या पेपरात हा हमखास यायचा:
हालचाल-कौशल्यांचे वर्गीकरण सोदाहरण स्पष्ट करा.
मी पट्टीनं रकाने आखायचो.
बंदिस्त कौशल्य: गोळाफेक. वर्तुळ तेच, गोळा तोच,
आडवं कुणी येत नाही.
खुलं कौशल्य: कबड्डीतली चढाई,
तुमचं पाऊल समोरचे सात जण ठरवतात.
स्थूल, सूक्ष्म. सुटं, साखळीचं, अखंड.
अखंडपुढं मी पोहणं लिहिलं होतं
आणि खोलीवर नळाला पाणी दहाव्या दिवशी यायचं.

आता बारा वर्षं झाली, मुरूमला आहे.
गावाचं नाव मुरूम आणि मैदान काळ्या रानाचं,
पावसाळ्यात बूट धरून ठेवतं, मार्चात भेगाळतं,
भेगांत फक्की उतरते,
पाटीची रेघ तुटक दिसते.
रकानेही तसेच तुटत गेले.
पळणं अखंड म्हणावं, तर शिवलीला हुलकावणी देते
नि एका पळण्याची तीन होतात.
खांबावरचा सूर सुटा धरावा,
तर तो चार पावलं आधीच सुरू झालेला असतो,
डाव्या खांद्यात.
आणि बसणं?
आठ पोरी पाटीवर,
एकीचं तोंड लोहाऱ्याकडं, दुसरीचं आळंदकडं,
टाचा उचललेल्या, बोटं मातीत.
कुणी हलत नाही आणि सगळ्या पळतायत.
हे कुठं लिहायचं?

महानंदा बिराजदार, आठवी ब.
जन्मापासून ऐकू येत नाही.
तिसऱ्या चौकोनात बसते.
खो तिला पाठीवर मिळतो,
तळवा टेकतो न टेकतो तोच ती चार हात पुढं.
"हिला आधीच कळतंय सर," अफसाना म्हणते,
"मातीतनं कळत असंल."

उमरग्याला, तालुक्याच्या सामन्यात,
तिला खो द्यायचा होता.
हात बरोबर पडला. तोंडातून निघालं ते
'ओ' होतं, किंवा 'हो', किंवा नुसता श्वास.
पंचांनी शिट्टी मारली.
ती तिला ऐकू गेली नाही,
ती चौकोनात बसून टाचा उचलून तयार.
पंच नियमानं बरोबर होते. मी भांडलो नाही.
परतीच्या काळीपिवळीत तिनं खुणेनं विचारलं, काय चुकलं?
मी माझ्या गळ्याला हात लावून दाखवला.

सूक्ष्म कौशल्याखाली इतकी वर्षं
कॅरम लिहिला, तिरंदाजी लिहिली.
ख कधी मनातच आला नव्हता.
जिभेचं मागचं टोक वर चिकटतं,
श्वास अडतो, दबतो, मग दार ढकलून बाहेर पडतो.
साहित्याच्या खोलीतला तक्ता फाटकाच होता,
त्याची कडेची पट्टी फाडून मी तोंडापुढं धरली.
क म्हटलं, कागद जेमतेम हलला.
ख म्हटलं, फडफडला.
पट्टीवर नुसतं 'उदा.' छापलेलं.
महानंदानं माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली
आणि कागदाकडं बघत राहिली.

तीन आठवड्यांत, खोलीत, दार लावून,
दहापैकी नऊ वेळा कागद उडायला लागला.
वर्गीकरणाप्रमाणं हे बंदिस्त.
मैदानात दम लागला, समोर शिवलीला वळली,
की परत 'ओ'.
दार उघडलं की कौशल्य बदलतं
हे पुस्तकात एका ओळीत आहे,
मी ते पाठही केलं होतं.

काल संध्याकाळी ती पळत होती,
शिवलीला पाटी ओलांडून निसटली,
महानंदानं अफसानाच्या पाठीवर हात टाकला.
अफसाना उठली, पळाली,
पळता पळताच मागं न बघता ओरडली,
"आला सर! ख आला!"

मी तेव्हा लांबच्या खांबाशी होतो.
मला काही ऐकू आलं नाही.