घर हलवण्याची वही

पहिल्या पानावर मी लिहिलं : का?
देल्मिरा म्हणाली, समुद्र आता पायरीशी येतो,
आणि पलीकडच्या बेटावर बहीण एकटी आहे.
मी दुसरं कारण तेवढं उतरवून घेतलं.
पहिल्यासाठी घर वीस हात मागे सरकवूनही भागलं असतं.

दुसऱ्या पानावर : घर म्हणजे काय काय?
भिंती, छप्पर, वर लाकडी खवल्यांची जुनी कातडी.
चूल नाही. चूल वेगळ्या होडीतून.
काचा काढून पोत्यांत, बटाट्यांच्या मध्ये.
"आणि सफरचंदाचं झाड?"
झाड नाही, देल्मिरा.
"मग पडवी तरी?"
पडवीवरून आम्ही दोन दिवस भांडलो.
वहीत तिथला कागद फाटलाय.

शाळेत काळ-काम-वेगाची गणितं असत :
बारा बैल घर एका तासात ओढतात, तर चोवीस बैल?
अर्ध्या तासात, असं लिहून मी शाबासकी मिळवली होती.
मास्तरांनी चोवीस बैल
एका चिखलात कधी पाहिले नसावेत.
म्हणून जोड्या सहाच. आणि ओरडणारा एकच :
रोसामेल नाहुएलकीन,
ज्याच्या हाळीनं खाडीपलीकडची कुत्री उठतात.

मग मी उलटी लिहीत गेले, शेवटाकडून.
भरती शनिवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी.
तिला बसवून चहा पाजता येत नाही.
तीनला घर पाण्याच्या काठाशी हवं,
म्हणजे बाराला दोर ताणलेले,
म्हणजे शुक्रवारी ओंडक्यांना चरबी चोपडलेली,
म्हणजे बुधवारी झाडं पाडलेली,
म्हणजे एलेउतेरिओला गेल्या रविवारीच
विचारायला हवं होतं, देतोस का रानातली दोन.
रविवार मी मासे खारवण्यात घालवला होता.
रात्री कंदील घेऊन त्याच्या दारात गेले.
त्यानं दोनाची चार पोती मागितली.
लिहिलं.

काय बिघडेल, याचं एक पान :
दोर. वारा. रोसामेलची तहान.
(सफरचंदाची दारू कुलपात, किल्ली माझ्या कमरेला.)

शनिवारी दोर तुटला. दुसरा तयार होता.
वारा फिरला. तोही वहीत होता.
अडीच वाजता देल्मिरा आत गेली
आणि तिनं आतून कडी घातली.
हे कुठल्याच पानावर नव्हतं.

बैल फुरफुरत उभे. सगळे माझ्याकडे बघतायत,
जणू कडीची किल्लीही माझ्याच कमरेला आहे.
मी फुटक्या खिडकीच्या चौकटीतून आत शिरले.
ती पलंग होता तिथे, मोकळ्या फळ्यांवर बसली होती.
समजूत घालायला वेळ नव्हता, आणि ते मला येतही नाही.
वजनाच्या रकान्यात पेन्सिलीनं भर घातली :
अधिक दोन बाया.
आणि रोसामेलला ओरडून सांगितलं, ओढ.

घर तरंगलं.
घोट्याएवढं पाणी खोलीत आलं, एक चमचा वाहत गेला.
होडी पुढे, आम्ही मागे, कुणी बोललं नाही.
पण ती पंचवीस मिनिटं गेलीच होती.
पलीकडे पोचलो तोवर ओहोटी लागलेली,
घर चिखलात कलतं बसलं.
रात्र आम्ही त्या उतारावर काढली.
पहाटेच्या भरतीनं ते अलगद उचललं,
दोराभोवती फिरवलं, पुन्हा टेकवलं.
आम्ही दोघी गाढ झोपेत.

रविवारी तिकडच्या बैलांनी ते होतं तसं वर ओढलं.
गाणी झाली, कुलूप उघडलं,
शिजलेल्या शिंपल्यांच्या वाफेत सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते.
माझं नाव दोनदा घेतलं गेलं.

दाराचं तोंड कुठे असावं, हे लिहायचं राहिलं होतं.
ते डोंगराकडे आहे.
बहिणीच्या घराकडे देल्मिराची पाठ.
रोज सकाळी बहीण बिडाची किटली घेऊन निघते,
ओल्या गवतातून घराला अर्धी प्रदक्षिणा घालते,
मग दार वाजवते.

एलेउतेरिओची दोन पोती अजून द्यायची आहेत.