पाठकोरे

गुरुवारी रात्री कुटाइसीत वीज गेली, आली,
आणि प्रिंटरने गुपचूप पत्ता बदलला:
चोवीसचा एकतीस, एवढंच.
तीन संगणक अजून जुन्याच दारावर
टकटक करतायत.

"झेरॉक्स काढतो की चांगला," त्सियालाबाई म्हणतात,
"मग आमचंच ऐकायला काय धाड भरलीय त्याला?"
ओतार केबल फुंकतो. पुन्हा लावतो.
राउटरच्या यादीत अखेर नवा आकडा सापडतो;
तो पोर्टमध्ये भरतो, पत्ता कायमचा बांधून टाकतो.

ट्रे खडखडतो.
जमिनीचे दोन उतारे,
मग कोपऱ्यातल्या कारकुनाचा
शुक्रवारचा राजीनामा.
पाच प्रती. पाचदा दाबलं होतं त्याने बटण.
नाव त्याचं गेला.
गेला गेलेला नाही. सोमवारचा चहा ढवळतोय.

त्सियालाबाई पाचही पानं
वाचून न वाचल्यासारखी पालथी घालतात.
पाठकोरे कागद, म्हणतात, लागतातच.