जर आणि तर

गणपतीनंतर जिल्ह्यावरून शाळेला एक पेटी आली.
आत चार यंत्रं, बुटाएवढी.
तीन चालू झाली, आता एकच चालतं.
मुलांनी त्याचं नाव ठेवलंय कुर्ली,
कारण सरळ सोडलं तरी ते तिरकं जातं.

तिच्याशी बोलायला लिहावं लागत नाही.
पडद्यावर रंगीत ठोकळे: निळा म्हणजे पुढे जा,
पिवळा म्हणजे पुन्हा करत राहा.
एकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत बसतो,
कोयंड्यात कडी बसावी तसा.
शुद्धलेखनात दरसाल अडकणारी अल्फिया होडेकर
इथे सगळ्यांच्या पुढे.

केशरी ठोकळ्यावर वर लिहिलेलं जर, खाली तर.
मी सांगत होते, जर समोर भिंत, तर वळायचं.
ती खुदकन हसली. "बाई, तर आमची हाय."
तिच्या अब्बांची तर, खाडीच्या या काठाहून त्या काठाला,
माणशी दहा रुपये, मोटारसायकलचे वीस.
मग अख्खा वर्ग जर शोधायला लागला:
जर भरती. जर डिझेल.
जर अब्बांचा गुडघा आज गप्प असला.

कुर्लीला फळ्यापासून दारापर्यंत न्यायचं होतं.
दर वेळी डावीकडे, थेट कपाटाखाली.
मी चाकातली वाळू काढली, खोली बदलून पाहिली,
माझ्या घाटावरच्या डोक्याला सुचलं तेवढं केलं.
अल्फिया गाल फरशीला लावून बघत होती.
"वाकडी नाय ती. तिला ओढ हाय."
आणि निळ्याखाली तिने एक हिरवा बसवला:
उजवीकडे, सात अंश.
सातच का? "पाच लावले तर कपाट, धा लावले तर बाक."
पुढे, जरा उजवीकडे. पुढे, जरा उजवीकडे.
कुर्ली दारात पोचली
आणि उंबऱ्याला डोकं लावून कुरकुरत राहिली,
थांब कुणी लावलंच नव्हतं.

संध्याकाळी तरीत बसले. ओहोटी लागलेली.
होडेकरने नाळ धरली बर्फाच्या कारखान्यावर,
धक्क्यापासून केवढी तरी वर.
चार वर्षं मला वाटायचं,
हा माणूस तिथे कुणाला तरी हात करायला जातो.
पाण्याने आम्हाला खाली खाली ओढत
बरोबर पायरीला आणून लावलं.

पिशवीतून कुरकुर आली. बटण चालूच राहिलेलं,
डब्याला टेकून चाकं फिरत होती.
शेजारची टोपलीवाली दचकली,
"बाई, काय जिवंत आणलंव?"
कुर्ली, म्हटलं.
"कितीला दिलीन?"